शिवेच्या आतली घागर

जरा सरकून बसा, मागच्यांनाही ऐकू यायला हवं. आणि त्या कोपऱ्यातल्या दोघी, आधी कुजबुज आवरा गं. ही गोष्ट अर्धी ऐकून उपयोगाची नाही. अर्धी ऐकून उठणाऱ्यांनीच पुढे घोळ घालून ठेवलेत.

फार फार वर्षं झाली. किती, ते विचारू नका. ज्यांना ठाऊक होतं ते गेले, आणि आता जो सांगतो तो मनाचं सांगतो. त्या काळी चुनखेडला यायची वाट म्हणजे ओढ्याचं पात्र. पावसाळ्यात वाट बंद, उन्हाळ्यात पायाला चटके. पण त्याच ओढ्यात चुनखडीचे गोटे सापडायचे आणि त्या गोट्यांवर सगळं गाव जगायचं. गोटे वेचायचे, भट्टीत लाकडाचा एक थर आणि गोट्यांचा एक थर असे रचायचे, आणि भाजायचे. लांबलांबची देवळं, लांबलांबच्या विहिरी आमच्या चुन्याने बांधल्यात, असं सांगतात.

भट्टीतून जो भाजका दगड निघतो त्याला कळी म्हणतात. दिसायला अगदी गरीब. हलका, पांढरा, कोरडा ठाक. पण त्याच्यावर ओंजळभर पाणी टाका आणि मग बघा गंमत. फसफसतो, तडकतो, वाफा सोडतो. विस्तव नाही, लाकूड नाही, आणि हात लावाल तर सोलून निघेल एवढी धग. चुनखेडचं पोर रांगायला लागायच्या आधी ही गोष्ट शिकायचं.

एका वर्षी काय झालं, पखाल घेऊन आलेला रेडा बुजला. पखाल फुटली, पाणी कळीच्या ढिगात शिरलं. ढीग आतून तापला, शेजारच्या वैरणीने पेट घेतला आणि दोन माणसं होरपळून गेली. तेव्हा गावाने भट्टीच्या सभोवार काळे दगड रोवले. त्याला पाण्याची शीव म्हणायचे. शिवेच्या आत थेंबभर पाणी न्यायचं नाही. बायकांनी घागरी शिवेबाहेरच्या लिंबाखाली ठेवायच्या, आणि गडी माणसांनी तहान लागली की बाहेर येऊन प्यायचं.

आता हा नियम वेडा होता का? मुळीच नाही. दोन जीव गेल्यावर केलेला शहाणा नियम होता. पण त्याच नियमाला चिकटून आणखी एक नियम आला, आणि तो कुणी केला, कधी केला, कुणालाच सांगता यायचं नाही. तो असा की डोळ्यात कळी उडाली तर डोळ्याला पाणी लागू द्यायचं नाही. पाणी लागलं की कळी उकळणार, आणि डोळा शिजणार. म्हणून करडईचं तेल ओतायचं, फडक्याने डोळा गच्च आवळायचा आणि तोंडसुद्धा धुवायचं नाही. अमावास्या उलटली की पट्टी सोडायची. पट्टी सोडली की डोळा नासक्या दुधासारखा पांढरा. मग म्हातारी माणसं मान हलवायची. म्हणायची, भट्टीनं आपला डोळा घेतला.

भट्टीच्या तोंडाशी भट्टीआईचा ओटा होता. आहे अजून, जाता जाता बघाल. जो गडी भट्टीवर पहिल्यांदा उभा राहायचा त्याच्या नावाने त्या ओट्याच्या दगडात दोन खळगे खोदायचे, शेजारी शेजारी. एक उजव्या डोळ्याचा, एक डाव्या. डोळा गेला की त्या खळग्यात चुन्याने कवडी बसवायची. ओट्यावर कवड्यांच्या रांगाच्या रांगा होत्या. बाहेरगावची माणसं त्या बघून दचकायची, आणि आमची माणसं त्यांना फुलं वाहायची.

अशा गावात सारजा सून म्हणून आली.

ती नदीकाठची पोर. माहेरी दारात पाणी. इकडे विहीर गावाबाहेर, ओढ्याच्या वळणावर, आणि चैत्र लागला की दुपारपर्यंत तळ गाठणारी. पहिले काही दिवस ती घागर डोक्यावर घेऊन येताना रडायची, असं सांगतात. मग रडणं थांबलं. रडायला तरी माणसाला फुरसत पाहिजे ना!

तिचा नवरा गेनू. हसरा गडी, हाताने मोठा आणि मनाने मऊ. लग्नानंतर त्याने बायकोला बाजारातून हिरव्या बांगड्या आणल्या आणि आईसमोर द्यायची लाज वाटली म्हणून पिठाच्या डब्यात लपवून ठेवल्या. असला गेनू. आणि त्याचा बाप म्हाळबा हा भट्टीचा नाईक. कधी पेटवायची, कधी उपसायची, सगळं त्याच्या शब्दावर. म्हाळबाचा डावा डोळा भट्टीने तरुणपणीच घेतला होता. ओट्यावरची आपली कवडी तो रोज सकाळी अंगठ्याने पुसायचा. त्याच्यासमोर सारजेने कधी पदर खाली घेतला नाही की तोंडातून शब्द काढला नाही. त्या काळची सून ती.

लग्नाला पुरतं वर्ष झालं नव्हतं. भट्टी उपसताना एक तापलेला गोटा फुटला आणि चुरा गेनूच्या उजव्या डोळ्यात गेला. गड्यांनी त्याला उचलून घरी आणला. म्हाळबाने तेल ओतलं. पट्टी आवळायला सारजेला बसवलं, कारण घरच्या बाईचा हात मऊ. गेनू तडफडत होता.

"पानी घाल गं, सारजे! डोळ्यात आग लागलीया. चूळभर घाल!"

सारजेने सासऱ्याकडे पाहिलं. म्हाळबाने मान हलवली, नाही म्हणून. आणि तिने घातलं नाही. घागर हाताच्या अंतरावर होती. गड्यांनी गेनूचे हात धरले आणि तिने पट्टी आवळली.

अमावास्या उलटली. पट्टी सुटली. डोळा पांढरा होता. ओट्यावर कवडी बसवायला म्हाळबाच गेला, आणि गेनूने उरलेल्या डोळ्याने ते पाहिलं. घरी येऊन तो हसला. "एक तर हाय ना गं," म्हणाला. सारजेला त्या हसण्याचा जो चटका बसला तो जन्मभर गेला नाही.

आता हा एक. हा गेला की गेनू आंधळा. भट्टीवरच्या माणसाला आंधळेपण म्हणजे काय, हे तिला दारोदार दिसत होतं. भिंतीला धरून चालणारे, भाकरी चाचपून खाणारे, चुनखेडला काय तोटा होता अशा माणसांना? ती रोज सकाळी गेनूला कामावर जाताना बघायची आणि संध्याकाळी तो वळणावर दिसेपर्यंत तिच्या जिवात जीव नसायचा.

शिवेबाहेर एक हौद होता. विकत जाणारा चुना तिथे भिजवायचे, आणि ते काम बायकांचं. सारजा तिथे शेजारणीबरोबर राबायची. शेजारणीचं नाव हौशी. जिभेची तिखट, पण संकटात पहिली धावून येणारी. एकदा हौशीच्या ओल्या मनगटावर कळीचा चुरा पडला. घामाने भिजलेली कातडी, लगेच चरचरायला लागली. हौशीने काही विचार केला नाही. फडक्याने चुरा झटकला आणि पिण्याच्या पाण्याचा अख्खा हंडा हातावर उपडा केला. आग थांबली.

बायका नेहमी असंच करायच्या. त्यात नवल ते काय! पण सारजा तिथेच थांबली. तिच्या मनात आलं, अरेच्चा, पाण्याने कळी उकळते ना? मग हिचा हात कसा नाही शिजला?

दुसऱ्या दिवसापासून ती हौदावर उभी राहून बघायची. कळीच्या मुठीवर ओंजळभर पाणी घालायची, मूठ उकळायची. तेवढीच दुसरी मूठ भरल्या हौदात टाकायची, हौद थंडगार. थोड्या पाण्याने कळी भडकते. भरपूर पाण्यात तिचा जोर बुडतो. सगळ्या चुनखेडच्या डोळ्यांदेखत रोज घडणारी ही गोष्ट. पण आतल्या पुरुषांनी भडकलेली कळी पाहिली होती आणि बाहेरच्या बायकांनी बुडालेली. दोन्ही शेजारी ठेवून कुणी पाहिलंच नव्हतं.

तेवढ्यावर ती गप्प बसली असती तर ही गोष्ट कुणी सांगितली असती का? भट्टीआईच्या जत्रेत बोकड पडला. वाटणी झाली. सारजेने आपल्या वाट्याचं मटण हौशीला देऊन टाकलं आणि बदल्यात बोकडाचे दोन्ही डोळे मागून घेतले. मागच्या पडवीत बसली. दोन्ही डोळ्यांवर चिमूट चिमूट कळी टाकली. एकावर तेल ओतून फडकं बांधलं, गावाच्या रीतीने. दुसऱ्यावर घागर धरली आणि धार सोडली. एक घागर संपली, दुसरी आणली. हौशी कुडावरून डोकावली आणि कपाळावर हात मारून घेतला.

"काय गं बया, बोकडाला न्हाऊ घालतीस व्हय? आता काजळ बी घाल, आन तीट लाव!"

सगळ्या गावात हसं झालं. गेनूची बायको बोकडाच्या डोळ्यांना आंघोळ घालते. पाणवठ्यावर पोरी तिला बघून तोंडाला पदर लावायच्या. हसा म्हणावं. सारजेने तेलातल्या डोळ्याचं फडकं सोडलं तेव्हा तो पांढराफटक झाला होता. पाण्यातला डोळा काळाभोर होता आणि त्यात तिला स्वतःचं तोंड दिसलं, असं सांगतात. तेव्हा मात्र ती पडवीत बसून हमसाहमशी रडली. कारण गेनूने पाणी मागितलं होतं. आणि घागर हाताच्या अंतरावर होती.

सांगणार कुणाला? सासऱ्यासमोर तोंड उघडायची सोय नाही. तिने गेनूला सांगितलं. गेनू म्हणाला, "आबा ऐकायचं न्हाईत." एवढंच. पण त्या दिवसापासून ती लिंबाखालची एक घागर कुणाला पिऊ द्यायची नाही. रोज घासायची, रोज ताजं पाणी भरायची, वर फडकं बांधायची. कुणी हात लावला तर अंगावर धावून जायची. तिच्या घागरीवरून बायकांची भांडणं झाली, नाही असं नाही. उन्हाळ्यात भरली घागर नुसती ठेवून द्यायची म्हणजे काय! पण तिने ऐकलं नाही.

आणि चैत्रातल्या एका दुपारी भट्टीतून किंकाळी आली.

आवाज कुणाचा, हे सारजेला विचारावं लागलं नाही. गेनू उकिडवा बसून भट्टीचं तोंड साफ करत होता. वरची रास ढासळली, कळीचा लोट उठला आणि त्याच्या डाव्या डोळ्यात गेला. एकुलत्या एका डोळ्यात. तो दोन्ही हातांनी डोळा चोळत गडबडा लोळत होता. गडी तेल आणायला धावले. म्हाळबा डोक्याचं मुंडासं फाडून पट्टी काढत होता.

सारजेने घागर उचलली. शिवेपाशी आली. क्षणभर थांबली असेल का? कुणी म्हणतं थांबली, कुणी म्हणतं नाही. मला वाटतं थांबली असेल, माणूसच होती ती. मग तिने काळा दगड ओलांडला. पाण्याची भरली घागर डोक्यावर घेऊन चुनखेडची सून भट्टीत शिरली. पखाल फुटल्यापासून हे कुणी केलं नव्हतं.

म्हाळबा आडवा आला. हातात फावडं होतं, ते त्याने उगारलं.

"सारजे! मागं हो. गाव जाळतीस काय? माझ्या पोराचा डोळा शिजवतीस?"

सारजेने घागर खाली ठेवली. डोक्यावरचा पदर मागे गेला होता, तो तिने सावरला नाही. जन्मात पहिल्यांदा तिने सासऱ्याच्या तोंडाकडे बघून तोंड उघडलं.

"मामंजी, डोळ्यात पानी हायेच की! डोळा म्हंजे पानीच. थोडं हाय, म्हणून तर कळी उकळतीया. थोडं हाय म्हणून! तुमी वरनं तेल घालून झाकण लावताय. मला जास्तीचं घालू द्या. लई घालू द्या."

तेलाची बुधली घेऊन धावत आलेला गडी तिथल्या तिथे उभा राहिला. आणि जमिनीवरून गेनूचा आवाज आला.

"आबा, मागल्या बारीला म्या पानी मागितलं व्हतं. समद्यांनी माझं हात धरलं. हिनं बी पट्टी आवळली. आता ती देतीया. वाट द्या तिला, आबा."

म्हाळबाचं फावडं खाली आलं. तो बाजूला झाला, असंही म्हणता यायचं नाही. होता तिथेच खाली बसला आणि वाट मोकळी झाली.

सारजा खाली बसली. आधी तिने गेनूचे हात डोळ्यावरून ओढून काढले. "चोळू नगा, आत घासतंय," म्हणाली. पापण्यांवरचा, गालावरचा कोरडा चुरा लुगड्याच्या कोरड्या टोकाने झटकला. त्याला कुशीवर वळवलं, दुखरा डोळा खाली, म्हणजे धुतलेलं पाणी वाहून जमिनीवर जाईल. मग डाव्या हाताच्या बोटांनी पापण्या फाकवल्या आणि उजव्या हाताने नाकाच्या बाजूने संथ धार सोडली. धबाधबा नव्हे, संथ. पण न तुटणारी.

गेनू ओरडला. असा ओरडला की लिंबावरचे कावळे उडाले. म्हाळबाने कानांवर हात घेतले. "शिजला," म्हणाला, "शिजला माझ्या पोराचा डोळा." सारजेची धार तुटली नाही. हौशीच्या मनगटालाही पहिल्यांदा चरचरलं होतं, हे ती मनात धरून होती. एक घागर संपली. गेनूची किंकाळी कण्हण्यावर आली. तिने पापणी उलटी करून पाहिली, आत अजून पांढरे कण होते. ओल्या फडक्याच्या टोकाने दिसत होते तेवढे टिपले. आणि मान न वळवता ओरडली, "हौशे! पानी!"

लिंबाखाली बायका जमल्या होत्या. शिवेच्या दगडांपाशी येऊन खिळल्या होत्या. हौशीने आपली घागर उचलली आणि दगडाला पाय लावून नमस्कार केला, म्हणजे बघा, पाय की हात याचंही भान नव्हतं बाईला. ओलांडून आत गेली. तिच्यामागे दुसरी. मग तिसरी. लिंबाखालच्या घागरी संपल्या तेव्हा बायका विहिरीकडे धावल्या. विहिरीपासून भट्टीपर्यंत रांग लागली आणि हातोहात घागरी सरकू लागल्या. ज्या पोरी तोंडाला पदर लावून हसायच्या, त्याही रांगेत होत्या.

पण आता पाणी साचायला लागलं. जमीन भट्टीची, भाजलेली, टणक. पाणी जिरेना. त्याचा एक ओघळ हळूहळू कळीच्या ढिगाकडे निघाला. ढिगाच्या पायथ्याला पहिली वाफ उठली आणि गडी मागे सरले. पखाल फुटली तेव्हाही अशीच वाफ उठली होती. आता एक तर सारजेने थांबायचं, नाहीतर सगळ्यांनी पळायचं.

सारजा थांबली नाही. तिने वरही पाहिलं नाही. आणि तेव्हा म्हाळबा उठला. ते फावडं, जे त्याने सुनेवर उगारलं होतं, तेच त्याने उचललं आणि ढिगाच्या अलीकडे जमिनीत घातलं. म्हातारा खणत सुटला. पाण्याला वाट करून दिली, भट्टीच्या आतून शिवेबाहेर थेट ओढ्यापर्यंत चर काढायला लागला. ते बघून गडी धावले, कुणी कुदळ घेतली, कुणी हाताने माती ओढली. ओघळ वळला. गेनूच्या डोळ्यातून निघालेलं पांढुरकं पाणी त्या चरातून वाहत ओढ्याला गेलं.

ऊन उतरेपर्यंत सारजा धार धरून होती. पाणी पांढुरकं होतं, मग फिकं झालं, मग स्वच्छ आलं. स्वच्छ आल्यावरही ती थांबली नाही. तिच्या बोटांवरून तेच चुन्याचं पाणी वाहत होतं. बोटांच्या टोकांची कातडी गेली, आणि पुढे जन्मभर त्या बोटांवर रेषा उमटल्या नाहीत. आणि चैत्रात दुपारपर्यंत तळ गाठणारी विहीर त्या दिवशी हात दोन हातसुद्धा खाली गेली नाही, असं सांगतात. भट्टीआईची कृपा म्हणा, काय म्हणायचं ते म्हणा. बायका उपसत होत्या आणि विहीर देत होती.

मग तिने स्वच्छ फडकं डोळ्यावर सैल टाकलं. आवळलं नाही. आणि म्हणाली, "गाडी जुंपा. पेठेच्या वैद्याकडं न्यायचं." म्हाळबाने विचारलं, "आता आन कशाला? धुतलास की." ती म्हणाली, "मामंजी, म्या आग विझवली. घर किती जळलं, ते मला कळत न्हाई." पेठेचे वैद्यबुवा डोळ्यांचेच औषधोपचार करायचे. त्यांनी गेनूला आपल्या ओसरीवर ठेवून घेतलं, औषधं घातली, उजेडात येऊ दिलं नाही. ते म्हणाले, पाणी पडलं नसतं तर मी काही करू शकलो नसतो. आणि हेही म्हणाले की दिसेल की नाही, ते आज सांगता यायचं नाही.

म्हाळबा ओसरीच्या पायरीवर बसून राहिला. जेवायला उठवलं तर उठायचा, पुन्हा येऊन बसायचा. त्याच्या मुठीत काहीतरी होतं. कवडी होती. घरातून निघताना त्याने ती कनवटीला लावून आणली होती. पोराचा दुसरा खळगा बुजवायची तयारी बापाने करून ठेवली होती. रीतच होती ती. त्याने दुसरं कधी पाहिलंच नव्हतं.

वैद्यबुवांनी ज्या सकाळी फडकं काढलं, त्या सकाळी सारजा दाराच्या चौकटीला धरून उभी होती. पुढे यायचा धीर होईना. गेनूने डोळा उघडला. पाणी आलं, मिटला. पुन्हा उघडला. समोर बाप बसला होता.

"आबा," तो म्हणाला, "तुमच्या मुठीत कवडी कशाला वो?"

भट्टीचा नाईक, ज्याच्या शब्दावर गाव पेटायचं आणि विझायचं, तो पोराच्या पायाशी बसून लहान मुलासारखा रडला. मग उठला, चौकटीपाशी गेला आणि सुनेसमोर हात जोडले. सारजा गडबडून बाजूला झाली, पदर डोक्यावर ओढला. तो म्हणाला, "झाकू नगंस, पोरी. तुझं तोंड बघू दे मला."

परत येताना म्हाळबाने ती कवडी विहिरीत टाकली. आणि लिंबाखालची सारजेची घागर स्वतः उचलून शिवेच्या आत, भट्टीच्या तोंडाशी नेऊन ठेवली. तिच्यापासून ओढ्यापर्यंतचा तो चर पक्का करून दिला. तेव्हापासून चुनखेडच्या ओट्यावर नवी कवडी बसलीच नाही म्हणतात. मी म्हणेन, फारशी बसली नाही. देवाच्या दारात खोटं कशाला बोला.

पुढे सारजेची सारजाई झाली. लांबून माणसं यायची. कुणाच्या डोळ्यात तिखट, कुणाच्या शेराच्या झुडपाचा चीक. ती म्हणायची, इथवर कशाला आलात? वाटेत पाणी नव्हतं का? आधी धुवा, मग चाला. एकदा एक लोहार आला, डोळ्यात लोखंडाची कपची रुतलेली. सगळे म्हणाले, सारजाई, तुझं बोट हलकं, ओढून काढ. तिने बोट लावलं नाही. पाणीसुद्धा घातलं नाही. नारळाची करवंटी डोळ्याला न टेकेल अशी वर उपडी बांधली आणि चांगला डोळाही झाकला. लोहार चिडला, हा कशाला? ती म्हणाली, "एक हलला की दुसरा हलतोय, बाबा. गप पडून ऱ्हा गाडीत." आणि गाडी पेठेला पिटाळली. पुष्कळांना तिचा राग यायचा, की ही काहीच करत नाही. काय करू नये हे कळायला तिला एक डोळा गमवावा लागला होता, गेनूचा.

तिच्या शेवटच्या दुखण्यात गेनू उशाशी बसून होता. म्हातारा झाला होता, पण एका डोळ्याने तिला बघत होता. तिच्या बोटांवरून, त्या रेषा नसलेल्या बोटांवरून हात फिरवत होता. ती गेली त्या दिवशी प्रत्येक घरातून एकेक तांब्या पाणी आलं, आणि ते पाणी त्या चरातून ओढ्याला सोडलं.

आता भट्ट्या थंड पडल्या. चुना कुणाला नको. पण घागर आहे. रोज सकाळी ज्या घराची पाळी ते घर ती घासतं, भरतं आणि फडकं बांधतं. दुष्काळात गावाने टँकरच्या पाण्यासाठी डोकी फोडून घेतली, पण त्या घागरीतलं कुणी प्यायलं नाही. चैत्रात तिच्या नावाचा दिवस असतो. त्या दिवशी गावातला सगळ्यात म्हातारा सासरा फावडं घेऊन पुढे चालतो आणि चर साफ करतो. त्याच्यामागून गावातली सगळ्यात नवी सून भरली घागर घेऊन शीव ओलांडते. तोंड उघडं ठेवून. त्या दिवशी सासऱ्याने सुनेला अडवायचं नाही आणि सुनेने पदर ओढायचा नाही.

मग ती सून ओट्याशी जाते. गेनूच्या नावाचे दोन खळगे आहेत, शेजारी शेजारी. उजव्यात कवडी आहे. डावा रिकामा. ती त्या रिकाम्या खळग्यात पाणी घालते, संथ धारेने, आणि खळगा भरून वाहेपर्यंत घालते. बाकीच्या बायका मागे उभ्या राहून म्हणतात, "अजून घाल."

उठा आता. घरी जाताना ओट्यावरून जा, आणि त्या खळग्यात बोट घालून बघा. तिचा दिवस नसला, तरी आज कुणीतरी पाणी घातलेलं असेल.